तमोगुण आणि फेरिटिन

श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेनं घरी परतला. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातली ही गोष्ट. पोराच्या डोक्यात हवा गेलीय हे उद्दालक आरुणींच्या लगेच लक्षात आलं. पुढे त्यांनी त्याला जे शिकवलं त्याची कीर्ती मोठी आहे, पण त्याच ओघात त्यांनी मुलावर एक प्रयोग केला त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पंधरा दिवस जेवायचं नाही, पाणी हवं तेवढं प्यायचं. सोळाव्या दिवशी मुलगा समोर येऊन बसला. बापानं सांगितलं, ऋचा म्हण, यजुस् म्हण, सामं म्हण. एक अक्षर आठवेना. बारा वर्षांचं पाठांतर कुठल्या कुठे गेलं होतं.

उद्दालक रागावले नाहीत. अभ्यासात लक्ष नाही, आळस चढलाय, मन स्थिर नाही, असलं काही बोलले नाहीत. मोठ्या आगीतला काजव्याएवढा एकच निखारा उरला तर त्यानं काय पेटणार, एवढंच ते म्हणाले, आणि मुलाला जेवायला पाठवलं. तो जेवून आला आणि विचाराल ते म्हणू लागला. मन अन्नाचं बनलेलं आहे, हा बापाचा सिद्धांत मुलाला तेव्हा पटला.

या प्रयोगात लोहाचा प्रश्न नव्हता, निव्वळ उपासमार होती. पण त्यातला प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. माणूस बसल्या जागी पेंगतो, त्याचं कशात लक्ष लागत नाही, दोन जिने चढून धापा टाकतो, सकाळी उठतानाच थकलेला असतो. हा त्याच्या स्वभावाचा दोष, की रक्ताचा? आणि धर्मानं ज्याला दुर्गुण ठरवलं तो जर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जात असेल, तर तो दुर्गुण होता तरी का?

परंपरेनं आळसाला फार कडक वागवलं आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण माणसाला तीन दोऱ्यांनी बांधतो: प्रमाद, आळस, निद्रा. समर्थांना तर आळशी माणसाचा मनस्वी तिटकारा. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण नावाचा अख्खा समास आहे. झोपाळू माणसांचं ते वर्णन वाचताना आजही हसू आवरत नाही. रामदासांची नजर बारीक होती. पण पेंगणारी ही माणसं दिवसभर काय करून आली होती, काय खाऊन आली होती, हा प्रश्न त्या समासाच्या कक्षेबाहेरचा होता. कीर्तनात मागच्या बाजूला, खांबाला टेकून डुलक्या घेणारी बाई आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. पहाटे चारला उठलेली, पाणी भरलेली, शेतात वाकलेली, आणि जेवताना भाकरीला कोरड्यास उरलंच नसल्यानं चटणी लावून उठलेली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. देशाचा आकडा ५७ टक्के, आणि त्याच वयाच्या पुरुषांचा २५. या आकड्यांवर वाद आहे, आणि तो वाजवी आहे. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरची मोजणी आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताची मोजणी यांत फरक पडतो. २०१६–१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं होतं, त्यात किशोरवयीन मुलामुलींपैकी २८ टक्क्यांना ॲनिमिया निघाला. शिवाय रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहच असतं असंही नाही. पण कितीही काटछाट केली तरी खांबाला टेकलेल्या त्या बाईचा आकडा शून्यावर येत नाही.

माणसाच्या शरीरात लोह असतं जेमतेम तीन ते चार ग्रॅम, बाईच्या अंगात त्याहून थोडं कमी. एखादा खिळा होईल एवढंच. त्यातला दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला. बाकीचं बरंचसं फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवून ठेवलेलं असतं. घरात कणगीला धान्य असावं तसं. शरीर हे लोह इतकं जपून वापरतं की दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर जातं. बाईचं मात्र गणित वेगळं. साध्या, त्रास नसलेल्या पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे महिन्याला साधारण १५ मिलिग्रॅम लोह वरचं खर्ची पडतं. एका बाळंतपणाचा हिशेब सगळा मिळून सुमारे एक ग्रॅमचा. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली रोजच्या आहारासाठी पुरुषाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं. ज्या घरात बापाच्या ताटात जास्त आणि आईच्या ताटात उरलेलं पडतं, त्या घरात हे गणित नेमकं उलटं मांडलेलं असतं.

यातली मेख अशी की कणगी रिकामी व्हायला लागते तेव्हा चूल लगेच बंद पडत नाही. फेरिटिन खाली जातं, हिमोग्लोबिन मात्र बरेच दिवस बारावर टिकून राहतं. रिपोर्ट बघणारा म्हणतो, एचबी बारा आहे, तुम्हाला काही झालेलं नाही. बाई घरी येते आणि थकव्याचा दोष स्वतःच्या माथी घेते. लोह फक्त रक्ताला लागत नाही. स्नायूंच्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या यंत्रणेला ते लागतं, मेंदूत डोपामिन घडवणाऱ्या एन्झाइमला लागतं. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, केस गळणं, तोंडाचे कोपरे फुटणं, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खात सुटणं, नखांना चमच्यासारखी खळ पडणं, ही सगळी त्याच रिकाम्या कणगीची लक्षणं असू शकतात.

फ्रान्समधल्या ४४ दवाखान्यांत १९८ बायकांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. या बायकांचं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन कमी होतं, आणि सगळ्यांची एकच तक्रार, थकवा. निम्म्यांना बारा आठवडे लोहाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळजवळ ४८ टक्क्यांनी उतरला. खोटी गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला. हा दुसरा आकडा श्रद्धावंतांनी आणि अश्रद्धांनी, दोघांनीही नीट पाहावा. कुणीतरी आपलं ऐकून घेतलं, काहीतरी दिलं, एवढ्यानंही माणसाला बरं वाटतं. अंगारा आणि गंडा यांचा बराचसा पराक्रम या २९ टक्क्यांत मावतो. पण वरचे १९ टक्के अंगाऱ्याच्या हाती नाहीत.

थकव्याला चारित्र्याचा दोष म्हणण्यात आपण एकटे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातले गरीब गोरे शेतकरी आळशी म्हणून बदनाम होते. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं सांगितलं की यांच्या पोटात अंकुशकृमी आहेत, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. वर्तमानपत्रांनी लगेच मथळा केला: आळसाचा जंतू सापडला. थट्टा थट्टेच्या जागी राहिली. १९०९ साली रॉकफेलर यांनी या कृमींविरुद्धच्या मोहिमेसाठी दहा लाख डॉलर दिले, आणि माणसं अनवाणी का चालतात, शौचाला कुठे जातात, याची चौकशी सुरू झाली. पिढ्यान् पिढ्यांच्या ‘स्वभावा’वर जंताचं औषध, संडास आणि बूट हा उतारा निघाला. युरोपात त्याआधी तरुण मुलींच्या फिकटपणाला कौमार्याचा आजार म्हणत. १५५४ साली योहानेस लांगे या जर्मन वैद्यानं त्यावर लग्नाचा सल्ला दिला. लग्न झालं की सगळं ठीक होईल, हे वाक्य ज्यांनी आपल्या आत्या-मावश्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांना लांगे परका वाटू नये.

आळस हे थकव्याचं एक नैतिक नाव झालं. दुसरं नाव त्याहून गोड आहे आणि म्हणून त्याहून चिवट: त्याग.

मराठी मनात आईची मूर्ती घडवली ती सानेगुरुजींच्या ‘श्यामची आई’नं. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या त्या पुस्तकाचं ऋण मोठं आहे, त्यावर दगड मारण्याचं काही कारण नाही. पण आईचं झिजणं हेच आईपण, हा अर्थ त्यातून अनेक घरांनी सोयीनं काढला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, खरकटी आवरल्यावर, पातेल्याच्या तळाशी जे असेल ते खाणारी बाई म्हणजे लक्ष्मी. हे धर्मात आहे, असं तिला सांगितलं गेलं.

धर्मात ते आहे का? ज्या ग्रंथाची प्रत बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, आणि ती का जाळली हे समजून घ्यायला ज्यातली स्त्रीविषयक वचनंच पुरेशी आहेत, त्या मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडावा. तिथे जेवणाचा क्रम दिला आहे. नवविवाहित मुली, कुमारिका, आजारी आणि गर्भिणी यांना पाहुण्याच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता वाढावं, असं मनू सांगतो. अतिथी म्हणजे देव मानणाऱ्या व्यवस्थेत देवाच्या आधी गर्भिणी! त्यानंतर पाहुणे, नोकरचाकर, आणि शेवटी उरलेलं खायचं ते नवरा-बायको दोघांनी. याच मनूनं पुढे बायकोबरोबर जेवायला बसू नये असंही सांगून ठेवलंय, तेव्हा त्याला समतेचा पुरस्कर्ता ठरवण्याची घाई नको. पण गरोदर सुनेला शेवटी जेवायला बसवणारं घर मनूच्याही मागे आहे, एवढं म्हणायला हरकत नाही. रूढीला शास्त्राचं नाव द्यायचं आणि शास्त्र मात्र कपाटात ठेवायचं, ही आपली जुनी खोड.

उपासाचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं आहे.

सोमवार आणि गुरुवार, दोन एकादश्या, एक संकष्टी, असं साधं गणित मांडलं तरी महिन्याचे अकरा-बारा दिवस होतात. वर श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, हरतालिकेचा निर्जळी उपास. उपासाच्या ताटात मुख्य जागा साबुदाण्याची. तो म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निखळ स्टार्च. त्यात लोह शोधायला जाऊ नये. आणि दिवसभर अंगात तरतरी राहावी म्हणून चहा. चहातली टॅनिनं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, आतड्यात शिरू देत नाहीत. म्हणजे खाल्लेल्या शेंगदाण्यातलं, राजगिऱ्यातलं जे थोडंफार लोह मिळालं असतं तेही कपाबरोबर वाहून जातं. महिन्यातला एक तृतीयांश काळ असा.

यावर शहाण्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, मग सोडा ना उपास. हा सल्ला देणारा बहुधा पुरुष असतो, किंवा डॉक्टर, किंवा दोन्ही. त्याच्या लक्षात येत नाही की अनेक बायकांच्या आयुष्यात स्वतःच्या शरीराविषयी स्वतः घेतलेला असा निर्णय तो एकच असतो. काय रांधायचं हे घर ठरवतं, किती मुलं हे सासर ठरवतं, कधी झोपायचं हे काम ठरवतं. आज मी जेवणार नाही, हे ती ठरवते. त्या दिवशी तिला मंदिरात जाण्याची मुभा असते, शेजारणींबरोबर कहाणी वाचण्याची, चार घटका स्वतःच्या म्हणण्याची. हे हिसकावून घेणाऱ्या आरोग्यशिक्षणाला ती मान डोलावते आणि सोमवारी उपास करतेच. तिचं चुकतंही नाही. व्रत म्हणजे स्वेच्छेनं धरलेली मर्यादा. ज्याच्याकडे धरण्यासारखं काही आहे त्यानंच ती धरायची. घोळ होतो तो इथे, की जिच्या शरीराची कणगी आधीच रिकामी आहे तिच्या व्रताला आणि वर्षातून एकदा आषाढीला साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या व्रताला आपण एकाच मापानं मोजतो.

गीता या बाबतीत मऊ नाही. फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हे सहाव्या अध्यायात येतं. सतराव्यात तर शरीरातल्या भूतसमुदायाला, आणि त्याच्या आत असलेल्या ईश्वरालाही, कष्टवणाऱ्या तपाला आसुरी म्हटलं आहे. देहाचे हाल म्हणजे पुण्य, ही समजूत गीतेच्या नावावर खपवता येत नाही. बुद्धचरित्रातला वळणाचा क्षण तर पात्रातल्या खिरीचा. सहा वर्षं हाडं दिसेपर्यंत देह झिजवलेल्या सिद्धार्थानं सुजाताच्या हातची खीर घेतली. बरोबरचे पाच तपस्वी त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. बोध त्यानंतर झाला.

आणि व्रताच्या नियमांतच एक दार उघडं ठेवलेलं आहे. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टींची यादी महाभारताच्या उद्योगपर्वात आहे, पुढे व्रतांवरच्या निबंधग्रंथांनी ती उचलली: पाणी, मुळं, फळं, दूध, हवन केलेलं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द, आणि आठवं औषध. उपासाच्या दिवशी रक्तवाढीची गोळी चालते की नाही हा प्रश्न गावोगावच्या उपकेंद्रांत आजही विचारला जातो; त्याचं उत्तर केव्हाच देऊन झालं आहे. ॲनिमियामुक्त भारत मोहिमेचं एखादं पोस्टर या यादीवर निघालं असतं तर चार उपदेशांपेक्षा जास्त गोळ्या पोटात गेल्या असत्या.

लोह जिथून सर्वांत जास्त जातं त्या रक्ताबद्दल मात्र परंपरेनं औषधाचा विचार न करता विटाळाचा केला. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आहे: पाळीसाठी मराठीत आडून बोलणारे शब्द भरपूर, रक्त किती गेलं हे सांगणारा एकही नाही. विटाळाची मोजणी दिवसांत, मिलिलिटरमध्ये नव्हे. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं हा आजार आहे, त्यामागे गर्भाशयातली गाठ असू शकते, हे ज्या बाईला कुणी सांगितलंच नाही ती दर महिन्याला ३० मिलिग्रॅमहून जास्त लोह गमावत राहते आणि ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणते. त्या निमित्तानं चार दिवस विश्रांती मिळायची, असं समर्थन ऐकू येतं. स्वयंपाकघरातून मिळायची असेल. विटाळशीला शेणगोठा आणि शेतातली कामं कुठे चुकली होती? चौदाव्या शतकात सोयराबाईंनी अभंगातून विचारलं होतं की विटाळ देहातच उपजतो, तर विटाळावाचून कोण जन्मला. धर्मातला हा सर्वांत स्वच्छ प्रश्न चोखोबांच्या घरातून आला.

शुद्धाशुद्धतेचा हिशेब ताटातही आहे. मांसातलं, विशेषतः काळजातलं आणि रक्तातलं लोह शरीर सहज उचलतं. डाळी-पाल्याभाजीतलं त्यामानानं फार कमी, तेही सोबत लिंबू-आवळा असला तर बरं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाच्या नावातच त्यांचा वाद आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. इतरांनी हीन ठरवलेले भाग, रक्तासकट, तिथे मन लावून शिजवले जातात. ज्या अन्नाला पंगतीत जागा नव्हती त्यात लोह होतं. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा चर्चा झाली ती श्रद्धेची, रोजगाराची आणि राजकारणाची. गरिबाच्या ताटातलं सर्वांत स्वस्त लोह उचललं गेलं, हा मुद्दा त्या गदारोळात क्वचितच कुणी मांडला. याचा अर्थ शाकाहारी माणसाला रक्त कमीच असणार असा नाही. त्याला जास्त विचारपूर्वक खावं लागतं, इतकंच.

विचारपूर्वक म्हणजे रंग बघून नव्हे. बीट लाल, रक्त लाल, म्हणून बीट खाल्लं की रक्त वाढतं, हे अनुमान न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यात नापास होईल. धूर तिथे अग्नी ठीक आहे. लाल तिथे लोह नाही. शंभर ग्रॅम बिटात ते एक मिलिग्रॅमही नसतं. परंपरेला योग्य गोष्टी माहीत नव्हत्या असंही नाही. बाळंतिणीला दिले जाणारे अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, लोखंडी कढईत परतलेली पालेभाजी, सगळं नेमकं. दुर्दैव एवढंच की हे कौतुक सव्वा महिन्याचं. बाळाला दूध यावं म्हणून आईला खाऊ घालायचं. दूध आटलं की तिचं ताट पुन्हा पातेल्याच्या तळाशी.

आयुर्वेदात पंडुरोग आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पाचवा प्रकार माती खाण्यानं होणारा. इथे थबकायला हवं. कालिदासाच्या रघुवंशात गरोदर सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो आणि दिलीप राजाला त्याचं कोण कौतुक. होणारा मुलगा पृथ्वी भोगणार याची ती खूण. गोकुळात यशोदा बाळाचं तोंड उघडून बघते, माती खाल्लीस का म्हणून, आणि तिला विश्व दिसतं. कवींना मातीत भविष्य आणि ब्रह्मांड दिसलं, चरकाला रोग दिसला. माती स्रोतसं अडवते असं तो म्हणतो. आजचं वैद्यक कार्यकारण दोन्ही बाजूंनी मांडतं: लोह कमी झालं की माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, आणि काही प्रकारची माती उरलंसुरलं लोहही धरून ठेवते. डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलेली ही खाखा अनेकदा रक्ताची तपासणी मागत असते. चरकानं पंडुरोगावर सांगितलेल्या नवायसात नऊ वनस्पतींबरोबर लोखंड आहे. नऊंत आवळाही आहे.

आजचा उपचार स्वस्त आहे, आणि त्यात एक गंमत आहे. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते आतड्याचं दार साधारण दिवसभर लोहाला बंद करतं. दुसऱ्या दिवशीची गोळी काही अंशी दारावरून परत जाते, पोटात जळजळ आणि बद्धकोष्ठ तेवढं करून. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की रोज गोळी घेणाऱ्या स्त्रियांत १६ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२. शरीर स्वतःच एक दिवस उपास धरतं आणि दुसऱ्या दिवशी पारणं करतं. दिवसाआडचा हा हिशेब गरोदर बाईनं परस्पर लावू नये, तिचा डोस डॉक्टर ठरवतील. इतरांनी गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दूध तासा-दोन तासांच्या अंतरावर ठेवावं. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनी वर येतं, बरं वाटतं, आणि नेमकी तिथेच बायका गोळी सोडतात. चूल पेटलेली असते, कणगी अजून रिकामीच. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. गोळी सोसत नसेल किंवा वेळ हाताशी नसेल, तर शिरेतून लोह देता येतं.

मात्र प्रत्येक फिकट चेहऱ्याला लोह देत सुटणं हीसुद्धा एक अंधश्रद्धाच. १९२८ साली मुंबईत आलेल्या ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिकेनं कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तपासला. त्यांना बरं करणारी वस्तू लोह नव्हती, यीस्टचा अर्क होता. त्यातल्या अज्ञात घटकाला पुढे फोलेट हे नाव मिळालं. बी-१२ची कमतरता, थॅलेसेमियाचा वारसा, गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांतला सिकलसेल, यांत लोहाची गोळी निरुपयोगी, क्वचित घातकही. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं असेल तर ते कुठून गळतंय हे आधी शोधावं लागतं. पोटातला व्रण किंवा आतड्याचा कर्करोग कधी कधी एवढीच चाहूल देतो.

मग स्वभाव, संकल्प, साधना यांचं काय उरतं? सगळंच फेरिटिनवर ढकलता येईल का? सांख्यांना हा प्रश्न फारसा टोचला नसता. त्यांच्या लेखी मनही प्रकृतीचाच भाग, गुणही प्रकृतीचेच. तमोगुण अन्नानं हलला तर त्यात पुरुषाचं, म्हणजे आत्म्याचं, काय गेलं? ज्यांनी गुणांना नीतीची प्रमाणपत्रं बनवलं त्यांची मात्र पंचाईत होते. उद्दालकांच्या प्रयोगात एक गोष्ट सहज निसटते. श्वेतकेतूला जेवणानं वेद शिकवले नाहीत. ते बारा वर्षांच्या मेहनतीनं आले होते; जेवणानं निखाऱ्याला गवत घातलं. न शिकलेला मुलगा सोळाव्या दिवशी पोटभर जेवून आला असता तरी गप्पच बसला असता. लोहाच्या गोळीनं कुणी उद्योगी होत नाही, भाविक तर नाहीच. फेरिटिन शंभर असलेले पट्टीचे आळशीही जगात आहेत, त्यांच्यासाठी निद्रानिरूपण राखून ठेवायला हरकत नाही. फक्त निवाडा रिपोर्ट आल्यावर व्हावा. ज्याच्या हातात करणं न करणं होतं त्यालाच न केल्याचा जाब विचारता येतो, आणि ते हातात होतं की नव्हतं हे कधी कधी पाच मिलिलिटर रक्तात कळतं.

एकादशीच्या सकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर आशाताई लाल गोळ्यांची पानं मोजत बसलेल्या असतात. एकजण पदरात पान घेते आणि निघता निघता थांबते.

“ताई, आज एकादस हाय. गोळी चालंल का?”

“चालती की. औषधाला कुठला उपास? चहासंगं तेवढी घिऊ नगा.”